बालहृदय शस्त्रक्रियेतील तंत्रिकारोध

बालहृदय शस्त्रक्रियेतील तंत्रिकारोध : छातीवरील जखमेची वेदना मेंदूपर्यंत पोहोचू नये म्हणून त्या भागातील तंत्रिकांभोवती (मज्जातंतूंभोवती) बधिरक औषध टोचण्याच्या पद्धतीस ‘तंत्रिकारोध’ म्हणतात. ही पद्धती संपूर्ण शुद्धिहरणाला पर्याय नसून पूरक आहे. उरोस्थी (छातीचे मधले हाड) छेदलेले मूल दुखते म्हणून खोल श्वास घेणे व खोकणे टाळते आणि त्यामुळे फुप्फुसांत कफ साचतो. म्हणून वेदनाशमन हा येथे केवळ दयेचा प्रश्न नसतो.

कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर केला. आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात औषध टोचले व लंडन येथे टायरेल ग्रे यांनी १९०९ च्या सुमारास हा उपाय मुलांवर योजिला. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये बॉस्टन येथे सात वर्षांच्या मुलीच्या महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांना जोडणारी, जन्मानंतरही उघडी राहिलेली नलिका बांधली. तेथून बालहृदय शस्त्रक्रियेस चालना मिळाली. तंत्रिकारोध तिच्यात रुळण्यास मात्र फार काळ जावा लागला.

याचे एक कारण म्हणजे अर्भकाच्या तंत्रिका अपक्व असल्याने त्याला वेदना जाणवत नाही हा समज. पुष्कळ अर्भकांना स्नायू शिथिल करणारे औषध व नायट्रस ऑक्साइड एवढेच देत. मूल हालत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही, असे मानले जाई. वास्तविक त्याला हलताच येत नसे. इंदूर येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले कंवलजीत सिंग आनंद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये ऑक्सफर्ड येथील अभ्यास प्रसिद्ध केला. हीच नलिका बांधलेल्या १६ अकालजात अर्भकांपैकी ज्यांना फेंटानिल दिले होते, त्यांच्या शरीरावरील ताण व नंतरचे उपद्रव कमी आढळले. आनंद व हिकी यांच्या १९९२ मधील अभ्यासात प्रबळ वेदनाशामक दिलेल्या ३० नवजातांपैकी एकही दगावला नाही. सौम्य पद्धतीच्या १५ पैकी ४ दगावले. हा पुरावा तंत्रिकारोधाचा नव्हे. पण वेदनेकडे दुर्लक्ष करण्याचे समर्थन त्याने संपविले.

दुसरी अडचण निराधार नव्हती. हृदय-फुप्फुस यंत्र वापरताना रक्त गोठू नये म्हणून हेपारीन देतात. अशा वेळी कण्यातील सुईच्या जागी रक्तस्राव झाल्यास मेरुरज्जूवर दाब येऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. रोझेन व रोझेन यांनी १९८९ मध्ये माकडहाडाजवळून मॉर्फीन टोचण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तरी अनेक तज्ज्ञ कण्यापासून दूरच राहिले.

फोरेरो व सहकारी यांनी २०१६ मध्ये कॅनडात वर्णिलेल्या पद्धतीत औषध कण्यालगतच्या, पाठ ताठ ठेवणाऱ्या स्नायूखाली सोडतात. श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिमेत (सोनोग्राफीत) सुई दिसत राहते व ती मेरुरज्जूपासून दूर असते. दिल्लीच्या एम्समधील ८० मुलांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठीच्या दोन्ही बाजूंना असा रोध दिलेल्या मुलांना शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत वेदना कमी झाली व फेंटानिलही कमी लागले. एका टोचणीचा परिणाम मात्र काही तासांत ओसरतो. शिवाय औषधाची मात्रा वजनावर ठरते : ब्युपिव्हाकेन साधारणतः किलोग्रॅममागे २·५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत, कारण ते रक्तात उतरल्यास हृदयालाच घातक ठरते.

महाराष्ट्रात हा विषय खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचतो तो निदानाच्या वाटेने. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याच्या योजनेप्रमाणे अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृद्रोगाचा संशय आल्यास मुलाला पुढील तपासणीसाठी पाठवितात. मावळ तालुका व लोणावळा परिसर पुणे-मुंबई लोहमार्गावर असल्याने तेथील मुलांना दोन्ही शहरांतील हृदयशस्त्रक्रिया केंद्रे गाठता येतात. तंत्रिकारोध मिळणे मात्र त्या केंद्रात श्राव्यातीत ध्वनियंत्र व ते हाताळणारा शुद्धिहरणतज्ज्ञ त्या दिवशी उपलब्ध असण्यावर अवलंबून राहते.