‘इट्स’ : एका षष्ठ्यन्त रूपाचा उशिरा झालेला उदय

इंग्रजीतील ‘इट्स’ हे षष्ठ्यन्त रूप आज इतके स्वाभाविक वाटते की ते त्या भाषेत प्रारंभापासूनच असावे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्राचीन इंग्रजीत पुल्लिंगी ‘हे’ आणि नपुंसकलिंगी ‘हिट’ या दोन्ही सर्वनामांची षष्ठी एकच होती : ‘हिस’, म्हणजे आजचे ‘हिज’. मराठीतही ‘तो’ आणि ‘ते’ या दोहोंपासून ‘त्याचा’ हेच रूप सिद्ध होते. ‘झाड आणि त्याची पाने’ असे म्हणताना कोणी झाडाला पुरुष मानीत नाही.

मराठीत व्याकरणिक लिंगव्यवस्था टिकून असल्याने ही समरूपता खटकत नाही. इंग्रजीत मात्र मध्ययुगात नामांचे व्याकरणिक लिंग लोपले आणि ‘हिज’ हळूहळू पुरुषवाचक ठरत गेले. निर्जीवांसाठी ‘देअरऑफ’, ‘ऑफ इट’, क्वचित प्रत्ययरहित ‘इट’ असे पर्याय चालले. ‘इट’ला षष्ठीचा प्रत्यय जोडून झालेले नवे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागते, जॉन फ्लोरिओच्या 1598 मधील इटालियन-इंग्रजी कोशात ते आढळते. 1611 च्या अधिकृत बायबलमध्ये मात्र ते नाही. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील ‘इट’च्या जागी ‘इट्स’ आले ते 1660 च्या मुद्रणात.

या इतिहासाचे समीक्षेला दुहेरी महत्त्व आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील मिठाच्या दृष्टान्तात मिठासाठी ‘हिज’ योजलेले आहे. तेथे चेतनगुणोक्ती शोधणे म्हणजे व्याकरणाला अलंकार समजणे होय. उलट, 1667 मध्ये ‘पॅरडाइज लॉस्ट’ प्रसिद्ध झाले तेव्हा ‘इट्स’ उपलब्ध होते, तरी मिल्टनने ते अगदी विरळ वापरले. तेथे ही निवड जुन्या वळणाची की हेतुपूर्वक, हा प्रश्न प्रत्येक स्थळी नव्याने विचारावा लागतो.

दुसरे महत्त्व संहितेच्या प्रामाण्याचे. टॉमस चॅटर्टनने (1752–1770) आपल्या कविता पंधराव्या शतकातील रौली नामक धर्मगुरूच्या म्हणून पुढे केल्या. शब्दांना त्याने जुन्या वर्णलेखनाचा साज चढविला. पण त्या शतकात नसलेले ‘इट्स’ त्यांत शिरले. दुर्मिळ शब्द कोशातून उचलता येतात. सर्वनामे मात्र लेखकाच्या स्वतःच्या काळातून नकळत येतात. म्हणूनच अर्थनिर्णयापूर्वी रूपाचा काळ पाहणे हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.