हायड्रोजनची वीज आणि आपला हिशेब

आपल्या सोनपेठच्या शिवारात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि वर्षाचं जळण रचून ठेवायचं, हे काम बहुतेक बाईच्याच वाट्याला येतं. म्हणून इंधनाचा इतिहास आपल्यालाही माहीत हवा. आजची गोष्ट आहे हायड्रोजनची.

१८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यात वीज सोडली. पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू निघाले. पुढे १८३९ च्या सुमारास बाझेलचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक शोनबाइन आणि ब्रिटनचे ग्रोव्ह यांनी याच्या उलटं करून दाखवलं. हे वायू पुन्हा एकत्र आणले की पाणी तयार होतं आणि वीजही मिळते. धूर नाही, राख नाही. अशा यंत्राला इंधनघट म्हणतात.

पण त्यात प्लॅटिनमसारखा महाग धातू लागे आणि कोळसा तर स्वस्त होता. त्यामुळे हा शोध शंभरावर वर्षं मागे पडला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत मात्र इंधनघटच वीज देत होते आणि त्यात तयार झालेलं पाणी अंतराळवीर पीत होते.

आपल्याकडे २०२० साली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी देशात बनवलेल्या इंधनघटावर मोटार चालवून पाहिली. २०२२ मध्ये पुण्यातच बसही दाखवली.

आता गटाच्या वहीत मांडतो तसा जमाखर्च मांडू. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० युनिट वीज आणि किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागतं. त्यातून इंधनघट परत देतो सुमारे १६ युनिट. म्हणजे ही वीज साठवण्याची सोय आहे, आणि साठवताना निम्म्याहून जास्त वीज खर्ची पडते. ती वीज उन्हापासून घेतली तर धूर टळतो. कोळशाची घेतली तर धूर परळीच्या चिमणीतून निघणारच.

आणि पाण्याचं काय? २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही.

पिकांच्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्याचं कामही पुण्यात झालं आहे. उद्या कुणी आपल्या पऱ्हाटीसाठी गावात आलं, तर गटाने बसवून चार गोष्टी विचाराव्यात. वीज कशाची? पाणी कुणाच्या वाट्याचं? पऱ्हाटीला भाव काय? आणि ती गेल्यावर आमच्या चुलीत काय घालायचं?