देवनागरी कळफलक

देवनागरी कळफलक : संगणकास देवनागरी मजकूर पुरविण्याचे आदान साधन. टंकलेखन यंत्राची कळ अक्षराचा आकार उमटविते. त्यामुळे अर्ध्या व्यंजनांना स्वतंत्र कळा द्याव्या लागत आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी व्यंजनाआधी टंकित करावी लागे. संगणकात अक्षराचा संकेत व त्याचा आकार वेगळे ठेवता येतात. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत या दिशेने संशोधन झाले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळरचना प्रमाणित केली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ‘जिस्ट’ कार्डाद्वारे हे तंत्र वैयक्तिक संगणकांपर्यंत पोहोचविले.

या रचनेत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असतात. क-ख, ग-घ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्यांना एकेकच कळ असते. क, हलचिन्ह व ष या क्रमाने कळा दाबल्यास ‘क्ष’ आपोआप जुळतो. ‘ळ’ आणि ‘ऱ’ यांनाही स्थान असल्याने मराठी व हिंदी या दोन्ही भाषा व्यवहारात असलेल्या गोंदियासारख्या सीमावर्ती जिल्ह्यात एकच कळफलक पुरेसा होतो. ब्राह्मीपासून निघालेल्या इतर भारतीय लिप्यांनाही हीच मांडणी लागू पडते.

उच्चारक्रमाने मजकूर साठविण्याचे हे तत्त्व ‘इस्की’ या १९९१ च्या भारतीय मानकातही आहे आणि युनिकोडमधील देवनागरीनेही ते स्वीकारले. आज अनेक जण रोमन अक्षरांतून मराठी लिहीत असले, तरी आत साठविला जाणारा मजकूर याच क्रमाने असतो.