बंगळुरूची फिल्टर कॉफी

बंगळुरूच्या जुन्या वस्त्यांतील घरांत कॉफी एकावर एक बसणाऱ्या धातूच्या दोन भांड्यांत केली जाते. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड भरून ती दांडीच्या सच्छिद्र चकतीने हलकेच दाबतात आणि उकळून किंचित निवलेले पाणी ओततात. पंधरा-वीस मिनिटांत दाट अर्क खालच्या भांड्यात ठिबकतो. हे डिकॉक्शन. पूड फार दाबली तर ते उतरत नाही, सैल राहिली तर पाणचट होते. पेल्यात थोडे डिकॉक्शन घेऊन त्यावर दोन-तीन पट गरम दूध व साखर घालतात.

कॉफीचे झाड कर्नाटकात या फिल्टरच्या बरेच आधी आले. 17 व्या शतकात सूफी संत बाबा बुदन यांनी मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया आणून चिक्कमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोठे मळे मात्र 19 व्या शतकात ब्रिटिश मळेवाल्यांनी चिक्कमगळूर, हासन आणि कोडगू भागांत उभे केले आणि त्यांचा बराच माल युरोपला जाई. पानांवरील तांबेरा रोगाने अरेबिकाचे मोठे नुकसान झाल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून रोगाला दाद न देणारी रोबस्टा लावली जाऊ लागली. तिची कडवट, भारदस्त चव दुधात टिकते.

पूड पाण्यात उकळून कपड्याने गाळणे ही जुनी रीत. कर्नाटकातील मलनाड भागात गूळ घातलेली कॉफी आजही केली जाते. छिद्रांतून अर्क ठिबकवणारी भांडी 19 व्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये प्रचलित झाली. दक्षिण भारतातील फिल्टर त्याच तत्त्वावर चालतो. तो आधी पितळेचा होता, पुढे स्टीलचा झाला.

शहरात या पेयाला सार्वजनिक स्थान दिले ते उपाहारगृहांनी. उडुपीकडच्या मय्या बंधूंनी 1924 मध्ये ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ सुरू केला. तोच पुढे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ म्हणजे एमटीआर झाला. तेथे कॉफी चांदीच्या पेल्यांत दिली जाई. 1943 मध्ये बसवनगुडीच्या गांधी बाजारात ‘विद्यार्थी भवन’ उघडले. एक कॉफी दोघांत वाटून घेण्याची ‘बाय-टू’ची चाल शहरातील अशा हॉटेलांत रूढ आहे.

1930 च्या दशकात जागतिक मंदीने कॉफीचे भाव कोसळले. देशातच गिऱ्हाईक वाढवण्यासाठी कॉफी सेस कमिटीने 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस काढले. महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पडली, तेव्हा 1942 च्या कॉफी कायद्याने कॉफी बोर्ड स्थापन झाले. त्याचे मुख्यालय बंगळुरूत आहे. मळेवाल्यांनी माल बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यायचा आणि बोर्डाने तो लिलावाने विकायचा, अशी व्यवस्था 1990 च्या दशकापर्यंत चालली. बोर्डाने कॉफी हाउसे बंद करायला घेतल्यावर कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या. त्यांतील पहिली 1957 मध्ये बंगळुरूत स्थापन झाली.

घरच्या कॉफीचा दर्जा मात्र पुडीच्या दुकानात ठरतो. बिया भाजून गिऱ्हाइकासमोर दळून देणारी दुकाने मल्लेश्वरम, बसवनगुडीत अजून आहेत. अरेबिका, रोबस्टा आणि एकदाणी पीबेरी किती घ्यायची, चिकोरी किती घालायची, हे घरागणिक ठरलेले असते. चिकोरीचे भाजलेले मूळ स्वस्त पडते, रंग गडद करते आणि अर्काला दाटपणा देते. नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते.

1996 मध्ये ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’ सुरू झाले आणि यंत्रावरची एस्प्रेसो तरुणांच्या ओळखीची झाली. सामायिक साठ्याची सक्ती उठल्यामुळे मळेवाल्यांना माल थेट विकता येऊ लागला. पुढे एकाच मळ्याची, चिकोरीविरहित अरेबिका घरी कागदी गाळणीतून करणारेही वाढले. ही कॉफी फिकट भाजलेली असते आणि बहुधा दुधावाचून पितात. दूध-साखरेच्या कॉफीसाठी गडद भाजणीची पूड आणि धातूचा फिल्टर हीच जोडी कायम आहे.