थांबवलेल्या पाण्याचा खेळ

रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस दोन वाटांनी बाहेर पडे. एक वाट खामगावावरून मुंबईची. दुसरी आज जवळजवळ विसरली गेली आहे: नागपूर, जबलपूर करत थेट मिर्झापूर. सुमारे ५०० मैलांची ही मजल लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मारत. मिर्झापूरला गोण्या गंगेतल्या नावांत चढत आणि कलकत्त्याला जात. कापूस वेचून, रेचून बाजारात येईपर्यंत थंडी सरत आलेली असे, आणि बैल गंगेवर पोचत तेव्हा इकडे पूर्णेच्या पात्रात वाळू तापलेली असे. गंगेत मात्र नाव तरंगण्याएवढे पाणी असे, कारण त्या पाण्यातला काही वाटा हिमालयात वितळणाऱ्या बर्फाचा होता. वऱ्हाडी मालाचा आणि हिमपाण्याचा संबंध शोधायचा तर तो इतका जुना निघतो. माणसे तिकिटे काढून त्याच पाण्यावर रबरी राफ्टमधून उड्या मारायला जाऊ लागली, ही फार अलीकडची गोष्ट.

बर्फाची नदी वागते कशी, हे आधी पाहू. हिवाळाभर पडलेला बर्फ डोंगरावर साठून राहतो. चैत्र-वैशाखात ऊन वाढले की तो वितळू लागतो, आणि एप्रिल ते जूनमध्ये कुलूजवळची बियास किंवा ऋषिकेशच्या वरची गंगा फुगते. ही फुगवण एकदम येत नाही. दुपारच्या उन्हाने सुटलेले पाणी खालच्या दरीत पोचता पोचता रात्र होते. सकाळी पाणी कमी, पुढे पुन्हा जास्त. थंडीत हिरवी दिसणारी गंगा उन्हाळा चढताना मातकट होत जाते. हे सगळे दर वर्षी बहुतांशी ठरल्या वेळी घडते. म्हणूनच तिथे नदीचे वेळापत्रक लावता येते, खळाळांना ‘रोलरकोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’ अशी नावे देता येतात, एक ते सहा अशी प्रत लावता येते. आणि आषाढ-श्रावणात, पावसाचे पाणी बेभरवशाचे उतरू लागले की ऋषिकेशची राफ्टिंग बंद ठेवतात.

वऱ्हाडात नेमके उलटे आहे. आमची नदी जिवंत असते ती याच दोन-तीन महिन्यांत. मेळघाटातून सिपना, गडगा, खापरा उत्तरेला तापीकडे जातात. वान, शहानूर, चंद्रभागा दक्षिणेला उतरून पूर्णेला मिळतात. खाली काळा कातळ, वर सातपुड्याचा उतार. ढग फुटला की काही तासांत रपटा बुडतो, दोन्हीकडच्या एसट्या थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच रपट्यावरून शेळ्या जातात. बर्फाच्या नावाने वैशाखाआधी आमच्याकडे आकाशातून येते ती फक्त गारपीट, आणि तिची वाट कोणी पाहत नाही.

अशा नदीवर खेळ उभा राहत नाही, ओलांडण्याची कला उभी राहते. कोरडे भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड, लाकडी डोंगा, बाजूने पोहणारा भोई, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतार कुठे आहे याची माहिती. भोई-ढिवरांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. मराठी वाङ्मयातली फेसाळत्या पाण्याची सर्वांत सविस्तर नदीही ओलांडण्याचीच आहे: ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातली मायानदी. तिला पूर आहे, भोवरे आहेत, लाटा आहेत, आणि स्वतःच्या बळावर तिच्यात उतरलेला प्रत्येक जण बुडतो. गंमत म्हणून त्या पाण्यात उतरावे, हे तिथे कोणाच्या मनातही येत नाही.

या नद्यांकडे वाहतुकीच्या नजरेने पाहणारा पहिला बलाढ्य माणूस इंग्रज होता, आणि योगायोगाने त्याचे आडनावच कॉटन. आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर दवलेश्वरमचा बंधारा बांधला होता. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. नकाशा पसरला की मोह पडावा अशीच रचना आहे: मुलताईला उगवणारी वर्धा अमरावती जिल्ह्याच्या कडेने जाते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि पूर्वेच्या समुद्राला लागते. काळ्या मातीतून निघालेली बोंडे पाण्यावर टाकली की थेट काकिनाड्याच्या बंदरात, असा तो हिशेब होता. कॉटनच्या हाताखालच्या हेग नावाच्या अभियंत्याने नदीची पाहणी केली, अहवाल लिहिले आणि काम सुरू झाले.

अडचण तीन ठिकाणी होती. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी या तिन्ही जागी नदी मैलोगणती खडकांतून फेसाळत उतरे. इंग्रज कागदपत्रांत त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा अडथळा असे साधे क्रमांक मिळाले. उपाय ठरला तो असा: बंधारा घालून पाणी चढवायचे, खडकांच्या कडेने कालवा खणायचा, त्यात दरवाजे बसवून नावा पायरीपायरीने वर-खाली करायच्या. आज राफ्टवाला ज्या जागेसाठी पैसे घेतो, तीच जागा नकाशावरून पुसून टाकण्यासाठी सरकार पैसे ओतत होते. जंगलातला ताप, मजुरांची टंचाई, खर्चावरून होणारी कुरबूर, सगळे अंगावर घेत काम रेटले गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि या जलमार्गाचे महत्त्व आणखी वाढले. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल तर त्याचा मोठा पुरस्कर्ता होता.

माझ्या मते ही योजना अभियंत्यांच्या चुकीने पडली नाही, पंचांगाने पडली. गोदावरी-प्राणहितेत मोठी नाव चालण्याइतके पाणी असे जूनच्या अखेरीपासून दिवाळीच्या मागेपुढेपर्यंत. वऱ्हाडात त्या काळात कापूस शेतात उभा असतो. माल बाजारात यावा आणि नदीने पाय ओढून घ्यावा, हे दर साल ठरलेलेच. मिर्झापूरच्या गंगेला बर्फाचा आधार होता, वर्धेला नव्हता. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा उघडला. १८७१ मध्ये गोदावरीची योजना गुंडाळली गेली. गाडीला खडक आडवे येत नव्हते आणि दिवाळीही आडवी येत नव्हती.

याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक जण तसल्याच खडकांकडे वेगळ्या मनाने पाहत होता. जॉन वेस्ली पॉवेल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत उजवा हात गमावून बसला होता. वऱ्हाडच्या कापसाचा भाव ज्या युद्धाने चढवला, त्याच युद्धात. मे १८६९ मध्ये, रॉकी पर्वतातला बर्फ वितळत असताना, तो दहा जणांचा चमू घेऊन चार लाकडी नावांतून ग्रीन नदीत उतरला आणि कोलोरॅडोच्या महाघळीतून ऑगस्टअखेर बाहेर पडला. तोवर दहापैकी चौघे मोहीम सोडून गेले होते. त्याला खडक काढायचे नव्हते, त्यांच्यापलीकडे काय आहे ते पाहायचे होते. तोही खेळ नव्हता, सर्वेक्षण होते. पण नदीच्या धारेबरोबर खाली जाणे हाच प्रवासाचा हेतू, ही कल्पना इथून मूळ धरते.

रबराची कथा त्याच्याही आधीची. १८४२ मध्ये फ्रेमॉन्ट नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याने हवा भरलेली रबरी नाव प्लॅट नदीत घातली; खळाळात ती उलटली आणि त्याची उपकरणे वाहून गेली. पुढे शंभरेक वर्षे या नावेला फारसे कोणी विचारले नाही. दुसरे महायुद्ध संपले आणि सैन्याच्या जास्तीच्या रबरी नावा स्वस्तात विकायला निघाल्या, तेव्हा अमेरिकेतल्या नद्यांवर हौशी माणसांना त्या सापडल्या. लाकूड खडकावर आपटले की फुटते, रबर आपटले की उसळते. सगळा धंदा एवढ्या एका फरकावर उभा राहिला. भारतात ही राफ्ट रुळली ती १९८० च्या दशकात, ऋषिकेशच्या वर शिवपुरीच्या बाजूला. अमरावती-अकोल्याची तरुण मंडळी आता मे महिन्यात मनाली-ऋषिकेशचे पॅकेज घेतात तेव्हा त्यात राफ्टिंग बहुधा धरलेलेच असते.

महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटले की नाव येते कोलाडचे. रायगड जिल्ह्यातली कुंडलिका. इथे बर्फ नाही, तरी ही नदी मे महिन्यातही सकाळी फेसाळते. हे पाणी मुळात तिचे नाहीच. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीला मुळा नदी अडवली आहे. ही मुळा पूर्वेला जाणारी. तिला सोडले तर ती पुणे, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळाली असती. टाटांनी तिचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले. १९२७ पासून ते मुंबईसाठी वीज देते आणि मग कुंडलिकेत उतरते. खाली रवाळज्याचे छोटे वीजघर, आणि त्यापुढे राफ्टवाल्यांचा दहा-बारा किलोमीटरचा टापू. मुंबईला वीज हवी झाली की पाणी सुटते. हेल्मेट चढवून काठावर बसलेले गट त्याचीच वाट पाहत असतात.

हिमालयात हिवाळा पाणी थांबवून ठेवतो; इथे ते काम मुळशीची भिंत करते. या भिंतीची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे राफ्टिंगच्या जाहिरातीत नसतात. मुळशी पेट्यातली गावे बुडणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा संपला, धरण उभे राहिले, मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. मजा करायला जाणाऱ्याने अपराधी होऊन जावे असे मी म्हणत नाही. पण लाटेचा वंशवृक्ष मांडायचा तर मुळशीचे खोड त्यात दाखवावेच लागते.

मग वऱ्हाडात असे का नाही, हा प्रश्न अमरावतीत अधूनमधून निघतो. चिखलदऱ्याला गर्दी वाढली आहे, धबधबे आहेत, धरणेही आहेत. पण इथे पाण्याच्या हौसेची गोष्ट करताना एक तारीख बाजूला ठेवता येत नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धेच्या पात्रात नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. पावसाळ्यातली आमची नदी झाडे, काटे, गाळ सगळे घेऊन येते, आणि पुढच्या तासाला किती येईल हे सांगत नाही. राफ्टला पाणी जितके जोराचे लागते तितकेच ते माहितीतले लागते.

पाण्याशी वऱ्हाडी माणसाचा उत्सवी संबंध वेगळाच आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे कावडधारी गांधीग्रामला जाऊन पूर्णेचे पाणी भरतात आणि रात्रभर चालत, खांद्यावर भरण्यांच्या पालख्या घेऊन, राजराजेश्वराच्या मंदिरात आणतात. नदी माणसाला घेऊन जात नाही, माणूस नदीला घेऊन येतो. त्याच गांधीग्रामचा ब्रिटिश काळातला पूल २०२२ मध्ये तडे गेल्यामुळे बंद झाला, तेव्हा अकोटच्या लोकांना पूर्णा ओलांडणे किती अवघड आहे हे नव्याने कळले.

राहता राहिला धरणांचा मुद्दा. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचा अप्पर वर्धा प्रकल्प मोठा आहे, १३ दरवाज्यांचा. ऑगस्टमध्ये दरवाजे उघडले की कुटुंबेच्या कुटुंबे तो पांढरा लोट पाहायला जातात, मोबाइल काढतात, भुट्टे खातात. लाट आहे, फेस आहे, प्रेक्षक आहेत. पण ती लाट धरण भरल्यामुळे निघते, ठरवून नाही. ठरवून सोडण्याचे पाणी कालव्यांना, अमरावतीच्या नळांना आणि कारखान्यांना वाटलेले असते. मुळशीसारखा ५०० मीटरचा उतार इथे नाही, त्यामुळे पाण्याकडून आधी वीज काढून घेऊन मग ते फुकटात खेळाला देता येत नाही. आणि बियास जेव्हा बर्फाच्या पाण्याने तुडुंब असते, त्याच एप्रिल-मेमध्ये मोर्शी-वरूडच्या बागांत आंबिया बहराची लिंबाएवढी संत्री झाडावर असतात. पाण्याचा एक फेरा चुकला तर ती गळतात. भूजल इतके खाली गेले आहे की हा पट्टा कागदोपत्री ‘डार्क झोन’मध्ये आहे. कालवा समितीच्या बैठकीत सकाळचा एक तास राफ्टिंगसाठी पाणी सोडा, असा ठराव मांडायला मी तरी उभा राहणार नाही. संत्र्याच्या बागाइतदारांसमोर तर मुळीच नाही.