हलक्या चाकाची खडखड

बिदर शहराला लागूनच नौबाद आहे. तेथील माळावर अंतराअंतराने जमिनीत उभी खोदलेली विवरे दिसतात व त्यांच्या तळाशी एक भुयारी पाट आहे. हा करेज बहामनी अमदानीतला, पंधराव्या शतकातला. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आल्यानंतरचा. इराणी धाटणीच्या या योजनेला ना चाक, ना बैल, ना इंधन. जमिनीचा उतार एवढेच तिचे यंत्र. त्यामुळे करेजाचे पाणी एका चालीने येते, त्याला धक्का म्हणून नसतो.

ज्यांना उतार लाभला नाही त्या शेतकऱ्यांनी मोट धरली. मोटेचे पाणी एका चालीने येत नाही. बैल धावेवरून खाली उतरले की मोट भडभडून रिती होते, आणि बैल मागे सरेपर्यंत थेंबही येत नाही. तरीही पाट वाहता राहतो, कारण मध्ये थारोळे आहे. आलेला लोंढा ते पोटात घेते आणि सावकाश सोडते. थारोळ्याचे काम ज्याला उमगले त्याला फ्लायव्हील समजण्यास मुळीच अडचण पडू नये. आजचे भाषण या फ्लायव्हीलसंबंधी आहे. विशेषतः शर्यतीच्या वळणाच्या मोटारींत ते हलके केले म्हणजे गिअरबॉक्समधून जी खडखड उठते, तिच्यासंबंधी.

जड चाक फिरवून त्यात वेग साठवावा, ही युक्ती कुंभाराला हजारो वर्षे ठाऊक आहे. काठी लावून चाक एकदा गरगरा फिरवले की मडके घडेपर्यंत ते फिरत राहते. वाफेच्या यंत्राला ही युक्ती मिळाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. पिस्टनची मागेपुढे चाल चाकात उतरवणाऱ्या क्रँकचे पेटंट इंग्लंडात १७८० मध्ये जेम्स पिकार्डने घेऊन ठेवले, म्हणून खुद्द जेम्स वॅटला १७८१ मध्ये दात्यांच्या चाकांची वेगळीच जोडणी योजावी लागली! पुढे १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ओटोने चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी केले, तेव्हा तर फ्लायव्हीलवाचून गत्यंतरच उरले नाही. या इंजिनात पिस्टनच्या चार चालींपैकी एकीतच जोर निर्माण होतो. उरलेल्या तीन चाली त्या साठवलेल्या जोरावर निभवायच्या. मोटेचाच हिशेब हा.

आपल्याकडे हे चाक खेड्यापर्यंत नेले ते ऑईल इंजिनाने. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.) १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली, आणि विहिरीविहिरीवर एका सिलिंडरच्या इंजिनाचा ठेका ऐकू येऊ लागला. मिनिटाला सहाशे फेरे घेणाऱ्या अशा इंजिनात जोराचे ठोके तीनशेच पडतात. मधली पोकळी भरून काढायची तर चाक भरभक्कमच हवे. ते हँडलने फिरवताना गड्याला घाम फुटे. पण पंपाला घाई नसते. वेग एकदा धरला की तो दिवसभर टिकावा, एवढेच त्या चाकाकडून हवे होते.

मोटारीची गोष्ट निराळी. तिला क्षणाक्षणाला वेग वाढवायचा असतो आणि सोडायचाही असतो. तेथे जड चाक म्हणजे पायातली बेडी. ते हलके केल्याने इंजिनाची शक्ती कणभरही वाढत नाही. पण चाकालाच वेग देण्यात खर्च होणारा जोर वाचतो. हा लाभ किती, ते एका उदाहरणाने सांगतो. चाकाच्या मध्यापासून दहा सेंटिमीटरवरचे चार किलो लोखंड काढले, असे समजा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे चौदा फेरे म्हणजे रस्त्यावरच्या चाकाचा एक फेरा असेल, आणि त्या चाकाची त्रिज्या तीस सेंटिमीटर असेल, तर वेग घेताना मोटार सुमारे ८७ किलोंनी हलकी झाल्यासारखी वागते. वरच्या गिअरमध्ये, चार फेऱ्यांस एक या प्रमाणात, हाच लाभ सुमारे ७ किलोंवर येतो. तेव्हा हलक्या चाकाची मौज सिग्नलवर आणि घाटातल्या वळणांवर. लांबच्या सरळ रस्त्यावर ती जवळजवळ संपते. जाहिराती हे सांगत नाहीत.

आता खडखडीकडे वळू. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरच्या सर्व जोड्या नेहमी एकमेकींत गुंतलेल्याच असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा त्यांतली एक जोडी दांड्याला पक्की होते, बाकीच्या मोकळ्या फिरतात. न्यूट्रलमध्ये तर साऱ्याच मोकळ्या. दात्यांमध्ये तेलासाठी व उष्णतेच्या फुगवट्यासाठी बारीक फट ठेवावीच लागते. थारोळे उथळ केले म्हणजे पाटात पाणी लोंढ्यालोंढ्याने येते. तसे चाक हलके केले म्हणजे इंजिनाचे ठोके न मुरता गिअरच्या दांड्यापर्यंत पोचतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर उभे असताना दांडा सेकंदाला सुमारे सत्तावीस वेळा पुढे झेपावतो व मागे रेंगाळतो. मोकळे दाते त्या फटीत एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर आपटतात. तेल तापून पातळ झाले की आवाज वाढतो. क्लच दाबला की तो थांबतो, कारण इंजिनाचा संबंधच तुटतो.

ही क्लचची परीक्षा प्रत्येक मोटारवाल्याने ध्यानात ठेवावी. क्लच दाबल्यावर थांबणारी, न्यूट्रलमधली खडखड हलक्या चाकाच्या मोटारीत बहुधा निरुपद्रवी असते. क्लच दाबल्यावरच सुरू होणारा आवाज मात्र क्लचच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. हा भेद न ओळखता चांगला गिअरबॉक्स उघडून बसणे म्हणजे निष्कारण खर्च.

सुखासीन गिऱ्हाईकाला हा आवाज नको असतो. म्हणून १९८५ पासून जर्मनीच्या लुक कंपनीने एका चाकाची दोन करून मध्ये स्प्रिंगा बसवलेले फ्लायव्हील कारखानदारीत आणले. इंजिनाचे ठोके त्या स्प्रिंगांतच जिरतात. चाक जड आणि महाग झाले, पण गिअरबॉक्स निमूट झाला. पोर्शे कंपनीने १९९०च्या सुमारास आपल्या ९११ मोटारींना असे दुहेरी चाक दिले. परंतु शर्यतप्रेमी लोकांसाठी काढलेल्या करेरा आरएस या प्रकारात मुद्दाम हलके, एकेरी चाक बसवले. तीच आरएस रोजच्या वापरासाठी टूरिंग रूपात घेणाऱ्यास पुन्हा दुहेरी चाक! खडखड हा दोष की अलंकार, हे गिऱ्हाईक पाहून ठरले.

हौशी तरुण मात्र मूळचे बिडाचे चाक लेथवर धरून पातळ करतात, ते पाहून भीती वाटते. बीड ठिसूळ असते. क्लचच्या घर्षणाने ते तापते आणि त्याला बारीक चिरा जातात. फेरे दुप्पट झाले की काठावरचा ताण चौपट होतो. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे पत्रा भेदून बाहेर येतात, आणि इंजिन पुढे असलेल्या बहुतेक मोटारींत ते बसते चालकाच्या पायांपाशीच. शर्यतीची हलकी चाके म्हणूनच अखंड पोलादातून कातलेली असतात, तोल तपासून बसवतात, आणि त्यांच्याभोवती पोलादी कवचही घालतात.