गंगापूर रोडवरचं शिक्षण आणि आपल्या कामाचा हिशोब

नाशिकचा गंगापूर रोड आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला आहे. कुणी धरणाकडे जाताना, कुणी मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी. या एका रस्त्यावर आपल्या शिक्षणाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज त्याबद्दल बोलू.

१९१४ साली नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था सुरू झाली. शेतकऱ्याच्या मुलांना शहरात राहून शिकता यावं म्हणून उदाजी मराठा वसतिगृह निघालं. १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी त्याची कोनशिला बसवली. बहुजनांची मुलं तिथे राहिली, शिकली. पण मुलगा शिकायला गेला की त्याच्या वाटणीची गुरं, पाणी, निंदणी घरच्या बायकांकडे यायची. घर सोडून शिकायला जाणं त्यांना कुठून जमणार?

पुढे १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. गंगापूर धरणाजवळ, गोवर्धनला. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम निघाला. आता बाईनं घर सोडायचं नव्हतं, पुस्तकच घरी येणार होतं. लग्नानंतर सुटलेलं शिक्षण पुन्हा धरता येऊ लागलं.

मग शिकलो म्हणजे काम मिळालं का? अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांनी तिथल्या बायकांच्या कामाचा दोनशे वर्षांचा हिशोब मांडला. त्यासाठी २०२३ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या सांगतात, नुसतं शिक्षण पुरत नाही. बाई आई झाली की तिची मिळकत पुरुषाच्या मागे पडत जाते. शिकलेल्या बाईचंही तसंच होतं.

आपल्याकडचं बघा. सरकारी श्रमबळ पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या खेड्यांत पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी साधारण २५ जणी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या जवळजवळ ४८ झाल्या. ऐकून बरं वाटतं. पण घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणारीही त्यात मोजली जाते. म्हणजे आकडा वाढला, तरी पदरात पैसा पडलाच असं नाही.

तरीही मोजलं जाणं महत्त्वाचं आहे. पाहणीवाला दारात आला की आपण म्हणतो, “मी काही करत नाही, घरीच असते.” आणि पहाटेपासून द्राक्षबागेत, गोठ्यात राबलेलं सगळं पुसून टाकतो. जे काम आपणच काम म्हणत नाही, त्याची मजुरी कोण देणार? त्यासाठी पाळणाघर, एसटी कोण मागणार?

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या एका दिवसाचं काम तासांसकट वहीत लिहू या. बेरीज झाली की ती वही ग्रामसभेत घेऊन जाऊ. शंभर वर्षांपूर्वी मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला, आता आपल्या कामाचा हिशोबही आपणच मांडू.